हजेरीपटावरचं नाव

काइल लुकॉफ यांच्या पुस्तकांबद्दल लिहायला बसले की मला आधी त्यांच्या नोकऱ्या आठवतात. सोळाव्या वर्षापासून हा माणूस पुस्तकं आणि माणसं यांच्या मध्ये उभा आहे. दहा वर्षं त्यांनी दुकानात पुस्तकं विकली, मग नऊ वर्षं शाळेच्या लायब्ररीत ग्रंथपाल म्हणून काम केलं, आणि हे सगळं चालू असताना लिहीत राहिले. पहिलं पुस्तक यायला २०१८ साल उजाडलं. आज अमेरिकेतल्या बालसाहित्यात त्यांचं नाव मोठं आहे. ते ट्रान्स पुरुष आहेत, म्हणजे जन्मावेळी सगळ्यांनी त्यांना मुलगी समजलं होतं, आणि त्यांच्याविषयी जे काही बोललं जातं त्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. मला ती काउंटरपासून करावीशी वाटते.

कारण मुलांच्या पुस्तकांच्या काउंटरमागे जो वर्षानुवर्षं उभा राहतो, त्याला मुलं फार जवळून कळतात. काय हवंय ते मुलं धड सांगत नाहीत. ‘याच्यासारखंच दुसरं द्या’ म्हणतात. आता ‘याच्यासारखं’ म्हणजे काय? त्यात ड्रॅगन आहे म्हणून, की शेवटी कुणी मरत नाही म्हणून, की धडे छोटे आहेत म्हणून? ते समोरच्याने ओळखायचं. मोठ्या माणसांचं उलट असतं. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. ती येतात आणि सांगतात, सात वर्षांच्या मुलासाठी भेट द्यायचीये. की पावलं एका कपाटाकडे वळतात. मुलीसाठी म्हणाली तर दुसऱ्या. त्या मुलाला किंवा मुलीला काय आवडतं हा प्रश्न निघतो तो कपाट ठरल्यानंतर. लुकॉफ यांनी हे किती वेळा पाहिलं असेल याची मी कल्पना करते, आणि मग त्यांच्या एडनची गोष्ट मला अधिक नीट कळते. तिच्याकडे येतेच.

जन्म १९८४ चा, इलिनॉयमधला. बालपण वॉशिंग्टन राज्यात गेलं. पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकले. हे मुलींचं कॉलेज. तिथे शिकत असतानाच, २००४ मध्ये, आपण ट्रान्स आहोत हे त्यांनी उघडपणे सांगितलं आणि पदवीही तिथूनच घेतली. त्या काळात अमेरिकेतही ट्रान्स माणसांविषयीची सार्वजनिक भाषा आजच्या मानाने फार तुटपुंजी होती. विशीतल्या एखाद्याने आपण कोण हे शोधायचं आणि त्याच वेळी आजूबाजूच्या सगळ्यांना ते समजावतही बसायचं, यात माणूस किती शिणत असेल. लुकॉफ यांच्या लेखनात हा शीण फारसा दिसत नाही, पण समजावत बसण्याचा कंटाळा मात्र दिसतो, आणि तो कंटाळा मला त्यांच्या लेखनाची खरी ताकद वाटतो.

ते ग्रंथपाल असताना कपाटात ट्रान्स मुलांविषयीची पुस्तकं होती का? काही होती. २०१५ मध्ये त्यांनी ‘स्कूल लायब्ररी जर्नल’मध्ये या चित्रपुस्तकांचा परखड आढावा घेतला आणि अधिक चांगली पुस्तकं हवीत असं सांगितलं. अशा पुस्तकांचा ठरलेला साचा मीही पाहिला आहे. एक मूल असतं, ते वेगळं असतं. त्याला सगळे चिडवतात. मग काहीतरी घडतं, सगळ्यांना कळतं की ते मूल छान आहे, आणि मिठ्या मारून गोष्ट संपते. हेतू चांगला असतो. पण ही गोष्ट त्या मुलाशी बोलतच नाही. ती बोलते त्याच्या वर्गमित्रांशी, शेजाऱ्यांशी, घाबरलेल्या आईबापांशी. ते मूल पुस्तकात असतं ते इतरांना चांगुलपणा शिकवण्यापुरतं. स्वतः ते मूलच पुस्तक उघडून बसलं तर त्याच्या हाती काय लागतं? आपल्याला चिडवलं जाणार आहे, एवढीच बातमी.

याच माणसाचं पहिलं पुस्तक या विषयावरचं नाही, हे मला फार आवडतं. ‘अ स्टोरीटेलिंग ऑफ रेव्हन्स’ हे प्राण्यांच्या समूहांना इंग्रजीत जी चमत्कारिक नावं आहेत त्यांच्याशी खेळणारं पुस्तक आहे. २०२० मधल्या एका चित्रपुस्तकात आपोआप वाजणारे पियानो आल्यामुळे पियानोच्या शिकवण्या बंद पडलेला एक माणूस कवितांच्या कारखान्यात नोकरीला लागतो. नुसती धमाल आहे. ट्रान्स लेखक म्हटलं की त्याने सतत स्वतःची जखम उघडून दाखवावी अशी एक अपेक्षा तयार झालेली असते, वाचकांची आणि प्रकाशकांचीही. तिला न जुमानता शब्दांच्या कोलांट्याउड्या मारत राहणं हा मला या लेखकाचा मोठा गुण वाटतो. शब्दांवर असं प्रेम असलेला माणूसच पुढे एडनची गोष्ट इतक्या कमी शब्दांत लिहू शकला.

‘व्हेन एडन बिकेम अ ब्रदर’ २०१९ मध्ये आलं. चित्रं केलानी हुआनिता यांची आहेत, भरगच्च, फुलापानांनी आणि नक्षीदार कापडांनी भरलेली. एडन जन्मला तेव्हा सगळ्यांना वाटलं मुलगी झाली. मुलीचं नाव ठेवलं, मुलीची खोली सजवली, मुलीचे कपडे आणले. एडनला ती खोली दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची. आणि कपडे? ते फाटायचे, त्यांवर डाग पडायचे. चुकून झाल्यासारखे, पण मुद्दाम. या एका तपशिलावर मी बराच वेळ थांबले होते. लहान मूल आपली अडचण शब्दांत मांडत नाही, ते फ्रॉक फाडतं. घरची मंडळी ‘किती वांड आहे’ म्हणतात आणि नवा फ्रॉक आणतात. हे लिहायला ते आतून माहीत असावं लागतं, किंवा मुलांना वर्षानुवर्षं निरखलेलं असावं लागतं. लुकॉफ यांच्यापाशी दोन्ही होतं.

पण एडन आपण मुलगा आहोत हे सांगतो, आईवडील ते समजून घेतात, आणि हे सगळं पहिल्या काही पानांतच उरकतं. दुसऱ्या कुणी याचंच पुस्तक केलं असतं. लुकॉफ यांची गोष्ट इथून सुरू होते. आईला दिवस जातात. एडन दादा होणार असतो, आणि त्याला काळजी लागते ती येणाऱ्या बाळाची. आपल्या बाबतीत जे झालं ते त्याच्या बाबतीत व्हायला नको. म्हणून तो अशी नावं शोधतो, जी बाळ मोठेपणी कुणीही झालं तरी त्याला शोभतील. कपडे निवडायला, खोली रंगवायला मदत करतो. रस्त्यात कुणीतरी आईला विचारतं, मुलगा की मुलगी? एडनला तो प्रश्न आवडत नाही. आई जेव्हा ‘बाळ होणारे’ एवढंच उत्तर देते तेव्हा त्याला बरं वाटतं.

आणि तरीही त्याला धास्ती असते. इतकं करूनही आपलं काही चुकलं तर? चांगला दादा होणं आपल्याला नाहीच जमलं तर? तेव्हा आई जे सांगते ते या पुस्तकाचं काळीज आहे. तू झालास तेव्हा तू आमचा मुलगा होणार आहेस हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आमच्याकडून काही चुका झाल्या, पण त्या सुधारायला तूच आम्हाला मदत केलीस, अशा अर्थाचं ती बोलते. किती साधं आहे हे. यात कुणी खलनायक नाही. आईवडिलांना अपराधीपणाच्या खड्ड्यात ढकललेलं नाही. झालेली चूक आणि प्रेम एकाच घरात नांदू शकतात हे एका सहा-सात वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत सांगितलं आहे. मला वाटतं, मोठ्यांसाठी लिहिलेल्या कितीतरी जाड पुस्तकांना हे जमलेलं नाही.

शिवाय बाळाच्या येण्याने हादरलेलं थोरलं भावंड कुठल्या घरात नसतं? त्यामुळे हे पुस्तक ज्या मुलाला ट्रान्स म्हणजे काय ते माहीतही नाही, त्याचंही होतं. आणि ज्या मुलाचं आयुष्य एडनसारखं आहे, त्याला पहिल्यांदाच एक असा नायक मिळतो ज्याच्याकडे स्वतः सोडून दुसऱ्या कुणाची काळजी करण्याइतकी फुरसत आहे. या पुस्तकाला २०२० मध्ये स्टोनवॉल पुरस्कार मिळाला. १९६९ च्या न्यूयॉर्कमधल्या, समलिंगी आणि ट्रान्स माणसांच्या उठावाचं नाव त्या पुरस्काराला आहे आणि तो अमेरिकेतली ग्रंथपालांची संघटना देते. एका ग्रंथपालाला त्याच्याच व्यवसायबंधूंनी दिलेली ही दाद होती.

मात्र लुकॉफ यांचं सर्वांत जास्त गाजलेलं पुस्तक हे नव्हे. ते आहे ‘कॉल मी मॅक्स’. गाजलं म्हणण्यापेक्षा गाजवलं गेलं. नुकती वाचायला लागलेली मुलं स्वतः वाचू शकतील असं हे बारकंसं पुस्तक, तीन पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं. छोटी वाक्यं, सोपे शब्द. साहित्य म्हणून मी ते एडनच्या शेजारी ठेवणार नाही. ते समजावून सांगायला लिहिलेलं आहे आणि ते लपवतही नाही. पण त्यातला एक प्रसंग पक्का लक्षात राहतो. शाळेचा पहिला दिवस असतो. हजेरी घेतली जाते. मॅक्सच्या वेळी शिक्षक अडखळतात, कारण कागदावरचं नाव आणि समोर बसलेलं मूल यांचा मेळ लागत नाही. आणि ते मूल म्हणतं, मला मॅक्स म्हणाल का?

बस्स, एवढंच. पुढे मॅक्सला झाडावर चढायला आवडणारी, पण मुलगीच असलेली एक मैत्रीण भेटते. फ्रॉक घालायला आवडणारा, पण मुलगाच असलेला एक मित्र भेटतो. मॅक्स मात्र मुलगा आहे. कोणत्या खेळावरून किंवा कपड्यावरून मुलगा-मुलगी ठरत नाही हे या तिघांकडे पाहून आपोआप कळतं. कुठेही शरीराविषयी एक अक्षर नाही.

२०२१ च्या सुरुवातीला युटा राज्यातल्या मरी या गावी तिसरीतल्या एका मुलाने हे पुस्तक घरून शाळेत आणलं आणि शिक्षकांना वर्गात वाचायला दिलं. वाचून झालं. पालकांच्या तक्रारी आल्या. तिथल्या शाळा-प्रशासनाने मग विविधतेविषयीच्या पुस्तकांचा आपला सगळा उपक्रमच थांबवला. गंमत अशी नाही, दुःख असं की हे पुस्तक त्या उपक्रमाच्या यादीत नव्हतंच. त्याच वर्षी टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळच्या एका शाळेत ते वाचलं गेलं. प्रशासनाने पालकांची माफी मागितली आणि ज्या मुलांनी ते ऐकलं त्यांच्या घरच्यांना हवं असल्यास समुपदेशक उपलब्ध करून दिले. लुकॉफ यांनी त्यावर खुलं पत्र लिहिलं. आणि २०२२ च्या मार्चमध्ये, फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी बालवाडी ते तिसरीच्या वर्गांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांविषयी शिकवायला बंदी घालणारा कायदा आणला, तेव्हा शाळांत काय चाललंय याचा नमुना म्हणून जे दाखवलं गेलं त्यात मॅक्सचं पुस्तक होतं.

समुपदेशकांची गोष्ट मला विसरता येत नाही. समुपदेशक आपण कधी बोलावतो? अपघात झाल्यावर, वर्गातलं कुणी दगावल्यावर. इथे झालं होतं काय, तर एक मूल आपलं नाव सांगतं अशी गोष्ट वाचली गेली होती. त्या वर्गात एखादा मॅक्स बसलेला असेल तर त्या दिवशी त्याने काय शिकावं? आपल्यासारख्या मुलाची नुसती गोष्ट ऐकली तरी इतरांना उपचारांची गरज पडते, हेच ना?

‘वयाला योग्य नाही’ हा शब्दप्रयोग मी नेहमी ऐकते. मुलांना काय कधी सांगावं याचा विचार करणाऱ्या पालकांना मी तुच्छ लेखत नाही. तो विचार व्हायलाच हवा, आणि चांगला ग्रंथपाल तो रोजच करत असतो. पण पाच वर्षांचा एडन किंवा सहा वर्षांचा मॅक्स हा एखाद्या लेखकाने मुलांच्या जगात बाहेरून सोडलेला पाहुणा नाही. ते मूल त्या वयाचं होऊन वर्गात बसलेलंच आहे. पुस्तक आलं नाही तरी ते असणार, फक्त एकटं असणार. आणि लेखकाच्या बाजूने पाहिलं तर आणखी कठीण आहे. आपण जगलेलं बालपणच मुलांच्या वाचनाला अयोग्य आहे, असं मोठमोठ्या पदांवरची माणसं जाहीरपणे सांगत असताना दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसून मुलांसाठी पुढचं वाक्य लिहायचं. हे कसं जमत असेल?

लुकॉफ एकटे नाहीत. अ‍ॅलेक्स जीनो यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. जीनो स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कुठल्याच चौकटीत बसवत नाहीत. चौथीतल्या एका ट्रान्स मुलीवरची त्यांची कादंबरी २०१५ मध्ये ‘जॉर्ज’ या नावाने आली. शाळेच्या नाटकात त्या मुलीला आठ पायांच्या कोळिणीचं काम हवं असतं आणि तिला ते मुलगा म्हणून नाकारलं जातं. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक पहिल्या क्रमांकावर होतं. पण मला सांगायचंय ते वेगळं. ‘जॉर्ज’ हे त्या मुलीला नको असलेलं नाव होतं. ती स्वतःला मेलिसा म्हणते, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र नको असलेलंच नाव छापलं गेलं होतं. जीनो यांनी त्याबद्दल माफी मागितली, आणि आपापल्या प्रतीवरचं जुनं नाव मार्करने खोडून वर मेलिसा लिहा असं सुचवलं. वाचकांनी, ग्रंथपालांनी ते केलं. पुढे प्रकाशकानेही पुस्तक ‘मेलिसा’ या नावाने काढलं. लायब्ररीच्या पुस्तकावर काहीही लिहायचं नाही हे आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. त्या नियमाला इतका सुंदर अपवाद मी दुसरा पाहिला नाही.

लुकॉफ यांची पहिली कादंबरी, ‘टू ब्राइट टू सी’, २०२१ ची. ही भुताची गोष्ट आहे. व्हरमाँटमधलं जुनं घर, नुकताच वारलेला मामा, आणि माध्यमिक शाळा सुरू होण्याआधीची उन्हाळ्याची सुट्टी. बग नावाचं अकरा वर्षांचं मूल आईसोबत त्या घरात राहतं. जिवलग मैत्रिणीला नव्या शाळेचे, मेकअपचे वेध लागलेत, बगला त्यात काही म्हणता काही रस वाटत नाही, आणि आरशात दिसणारा चेहरा आपला वाटत नाही. घरात काहीतरी वावरतंय. वस्तू हलतात, थंडगार झुळूक येते. कुणीतरी बगला काही सांगू पाहतंय. ते काय आहे हे उलगडतं तेव्हा भूत जातं आणि एक मुलगा उरतो. भुताटकीचा हा वापर मला अतिशय योग्य वाटला. आपल्याच घरात आपण नसल्यासारखं वाटणं, कुणीतरी हाक मारतंय पण शब्द कळत नाहीत असं वाटणं, या मुलांच्या मनातलं हे वादळ दाखवायला भूतकथेइतका नेमका प्रकार क्वचितच सापडेल.

या कादंबरीवर एक आक्षेप मी ऐकला आहे. शेवटी सगळे बगला फारच सहज स्वीकारतात, शाळासुद्धा, खऱ्या जगात असं होत नाही. नाही होत, हे लुकॉफ यांना आपल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. दुःख कसं असतं हे त्या वयाच्या ट्रान्स मुलाला पुस्तकातून शिकायची गरज नसते. निभावून गेलं तर दिवस कसे दिसतील याचं चित्र मात्र त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? या कादंबरीला २०२२ मध्ये न्यूबेरी सन्मान मिळाला, म्हणजे अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या मानाच्या न्यूबेरी पदकाच्या खालोखालचा मान. त्या वर्षी या पदकाला शंभर वर्षं पूर्ण झाली होती. जॉन न्यूबेरी हा अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक. त्याच्या नावाचा सन्मान दहा वर्षं पुस्तकं विकलेल्या माणसाकडे गेला.

मला लुकॉफ यांचं सर्वांत धाडसी पुस्तक वाटतं ते त्याच वर्षी आलेलं ‘डिफरंट काइंड्स ऑफ फ्रूट’. सहावीतल्या अ‍ॅनाबेलच्या वर्गात बेली हे नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला मुलगा किंवा मुलगी यांपैकी काहीच न मानणारं मूल येतं आणि अ‍ॅनाबेल भारावून जाते. घरी सांगते, तर वडील अस्वस्थ होतात, चिडतात. मग कळतं की वडील स्वतः ट्रान्स आहेत, अ‍ॅनाबेलला त्यांनीच जन्म दिला आहे, आणि इतकी वर्षं हे लेकीपासून लपवलं आहे. ज्यांनी स्वतः एवढं सोसलं तेच नव्या पिढीच्या मोकळेपणाकडे संशयाने बघतात. हे लिहायला हिंमत लागते. आपल्याच माणसांबद्दल, आणि तेही बाहेरून सगळीकडून दगड येत असताना, लुकॉफ लिहितात की आम्ही सगळे शहाणे नाही, आमच्यातही घाबरलेले, अडून बसलेले, आपल्या जुन्या दुखण्यामुळे मुलांना दुखावणारे बाप आहेत. त्या बापाला ते नायक करत नाहीत आणि दोषीही ठरवत नाहीत. लेक त्याला जाब विचारते, त्याला उत्तर द्यावं लागतं. एडनच्या आईने जे एका वाक्यात सांगितलं होतं ते इथे एका बापाला अख्ख्या कादंबरीभर शिकावं लागतं.

२०२५ मधली ‘अ वर्ल्ड वर्थ सेव्हिंग’ आणखी पुढे जाते. तिच्यातला चौदा वर्षांचा ट्रान्स मुलगा स्वतःला नुसतं ‘ए’ म्हणवतो. आईवडील त्याला ज्या सभांना जबरदस्तीने नेतात तिथे अशा मुलांना ‘वाचवायचं’ ठरलेलं असतं. या आईवडिलांना आपली चूक दिसत नाही, आणि इथला बचाव ज्यू दंतकथांमधल्या गोलेमकडून, मातीकचऱ्यातून उठणाऱ्या रक्षकाकडून येतो. लुकॉफ स्वतः ज्यू आहेत. फ्लोरिडानंतरच्या वर्षांत लिहिलेल्या या पुस्तकात बगच्या घरातला सौम्यपणा उरलेला नाही, राग आहे, आणि मला तो राग हवाच होता. ही कादंबरी नॅशनल बुक अवॉर्ड या अमेरिकेतल्या मोठ्या साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली, ‘टू ब्राइट टू सी’ पोचली होती तशीच. एडन वाचून मोठी झालेली मुलं आता जवळजवळ ‘ए’च्या वयाची होत आली आहेत.